पाकिटातून वगळलेला कागद

२ जून, सोमवार

आज आले: कोऱ्या सीडी शंभर, ९००. प्लास्टिकची पाकिटे शंभर, १२०. चिकटवायच्या चिठ्ठ्या, ४५. बारा पानी पुस्तिका, शंभर प्रती झेरॉक्स करून, ७२०. एकूण १७८५. हमाली शून्य, कारण ह्यांनी आणि मी दोन-दोन पिशव्या उचलल्या.

ह्यांचा टाइपिंगचा क्लास मार्चमध्ये बंद झाला. बावीस वर्षे चालला. तेव्हापासून हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात, अगदी हरवले-सापडले धरून. लेकीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी समोर उभी. म्हणून भाऊजींच्या कल्पनेला मी 'हो' म्हटले. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. गावोगाव फिरून संगणक बसवून देतात.

कल्पना अशी. कचेरीतली पत्रे, हिशेब, तक्ते सगळे करणारा एक प्रोग्रॅम जगभरच्या लोकांनी मिळून तयार केला आहे आणि फुकट ठेवला आहे. इंटरनेटवरून उतरवायला दिवस जातो आणि उतरवला तरी वापरायचा कसा ते कळत नाही. आपण तो सीडीवर घ्यायचा, सोबत सोप्या भाषेत पुस्तिका द्यायची आणि वर्षभर फोनवर मदत करायची. पाकीट दीडशेला.

"फुकटची वस्तू दीडशेला कोण घेईल, भाऊजी?"

"वहिनी, लोक सीडीचे पैसे देत नाहीत. अडलं की कुणाला तरी फोन करता येतो, त्याचे देतात."

मला काही ते पटले नाही. सीडी ती सीडी.

भाऊजींनी नमुना म्हणून जे पाकीट करून दिले त्यात इंग्रजी बारीक अक्षरांचा सहा पानी कागद होता, परवान्याचा. तो प्रत्येक पाकिटात घालायचा म्हणाले. शंभर पाकिटे, सहाशे पाने, ३६० खर्च! औषधाच्या खोक्यातही असा कागद असतो, तो कोण वाचतो? मी तो वगळला. भाऊजी दौऱ्यावर गेले आहेत, आल्यावर सांगेन. नमुन्यातला कागद कपाटात नीट ठेवला आहे, टाकला नाही.

चिठ्ठ्यांवर मी माझ्या अक्षरात लिहिले: 'एका संगणकासाठी एक पाकीट.' हे भाऊजींनी सांगितले नव्हते, मलाच सुचले. ज्या लोकांनी एवढे कष्ट करून फुकट दिले, त्यांची वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांत वाटून घ्यायची म्हणजे चोरीच की. आपल्या दारातून तरी ती होऊ नये. देवासमोर पहिले पाकीट ठेवले आणि प्रार्थना केली.

९ जून, सोमवार

पहिला फोन. हे बाजारात गेले होते म्हणून मी उचलला. समोर वकिलांची टायपिस्ट, रडकुंडीला आलेली.

"अहो, अर्ज टाइप केला आणि सगळी अक्षरं गेली! नुसते चौकोन दिसतायत. साहेब अकराला कोर्टात जातात."

"अक्षरं जातील कुठं? असतील तिथंच. घाबरू नका."

असे म्हटले खरे, पण खात्री मलाही नव्हती. क्लासचा एक संगणक घरात ठेवला आहे तो सुरू केला, फोन खांद्यात धरला आणि भाऊजींनी दौऱ्यावर जायच्या आधी आठवडाभर शिकवले होते ते आठवून एकेक बटण तिच्याबरोबर दाबत गेले. तिच्याकडे आपल्या लिपीचा फॉन्टच बसवलेला नव्हता. बसवला, आणि पलीकडून जी किंकाळी आली, ती ऐकून मला वाटले संगणकच पडला.

"आली! आली हो ताई, सगळी आली!"

वीस मिनिटे लागली. जीव भांड्यात पडला. जुन्या हिशेबाच्या वहीची मागची बाजू कोरी होती, तिथे लिहून ठेवले: प्रश्न १, अक्षरांचे चौकोन.

१७ जून, मंगळवार

वहीत एकवीस प्रश्न झाले. पानाला क्रमांक कसा द्यायचा, बेरीज चुकते ती का, छापताना शेवटची ओळ दुसऱ्या पानावर का पळते. गंमत म्हणजे फोन ह्यांनी उचलला की लोक विचारतात, "ताई आहेत का?" हे रिसीव्हर माझ्या हातात देतात आणि चप्पल घालून बाहेर पडतात. ह्यांना फोनवर बोलायचा पहिल्यापासून संकोच, म्हणून बरे आहे.

आज शिंपीदादांचा फोन होता. कोपऱ्यावर दुकान आहे, मापांचा तक्ता करतात. काम झाल्यावर हळूच म्हणाले, "ताई, ही सीडी माझ्या मेहुण्याच्या मशीनवर घातली तर चालेल का?"

मी चांगलेच सुनावले. "दादा, तुमच्या दुकानातलं कापड कुणी 'माझ्या मेहुण्याला' म्हणून उचलून नेलं तर चालेल? चिठ्ठी वाचली नाहीत का?"

बिचारे वरमले. संध्याकाळी येऊन दुसरे पाकीट घेऊन गेले. मान खाली होती. मला समाधान वाटले की एका माणसाला वाईट सवयीपासून वाचवले.

२६ जून, गुरुवार

मोठी विक्री! मुलींच्या शाळेचे हेडक्लार्क स्वतः आले. गृहस्थ अगदी घडी घातलेल्या रुमालासारखे. शाळेत अकरा संगणक आहेत.

"बाई, अकराही मशिनवर घालायचंय. किती पाकिटं लागतील?"

"अकरा," मी म्हटले. "एकावर एक."

त्यांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली, अकरा पाकिटांची पावती घेतली आणि पावतीला टाचणीही स्वतःच्या खिशातून काढून लावली.

लेकीची निम्मी फी भरली. पाच हजार. हे स्वतः टपाल कचेरीत जाऊन मनीऑर्डर करून आले, आणि आल्यावर खुर्चीत न बसता संगणकापुढे बसले. देवाची कृपा.

८ जुलै, मंगळवार

काय लिहू. दुपारी हेडक्लार्क आले. उन्हातून चालत आलेले, चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले.

"बाई, हा माल फुकटचा आहे. माझा भाचा सांगतो, कुणीही घ्यावा, कुणालाही द्यावा. तुम्ही शाळेला अकरा वेळा विकलात."

हे एकदम उठले. "मग? पुस्तिका फुकट आली? फोनवर हिनं तुमच्या पोरींना तास तास शिकवलं ते फुकट?"

"ते मी म्हणत नाही. पण एकोणीस तारखेला शाळा समितीची बैठक आहे. बिल मी पास केलंय, सही माझी आहे. निवृत्तीला सात महिने राहिलेत. मला लेखी द्या. कुठल्या अधिकारानं विकलं, आणि एकाच्या जागी अकरा का."

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर सोपे गेले असते.

ते गेल्यावर भाऊजींना त्यांच्या लॉजवर फोन लावला.

"वहिनी, विकायला पूर्ण परवानगी आहे. तो परवान्याचा कागद दाखवा की त्यांना! पाकिटातच तर आहे."

मी कपाटाकडे बघितले.

"वहिनी? कागद घातला होता ना?"

"तीनशे साठ वाचवले," मी म्हटले.



आतापर्यंत अठ्ठावन्न पाकिटे गेली, एक्केचाळीस जणांकडे. आम्ही एक्केचाळीस माणसांना फसवले असेल तर? आणि ते पैसे लेकीच्या फीत गेले असतील तर? जेवण उतरले नाही.

९ जुलै, बुधवार

सकाळची प्रार्थना झाल्यावर कपाटातून तो कागद काढला. शब्दकोश काढला. मॅट्रिकला इंग्रजीत मला अठ्ठेचाळीस होते, ते आठवून पदर खोचला. दिवसभरात दोन पाने झाली. वाक्ये अशी लांब की सुरुवातीचा माणूस शेवटी कुठे गेला ते सापडत नाही. एकेक ओळ आपल्या भाषेत वहीत उतरवते आहे. मध्ये सात फोन आले.

१० जुलै, गुरुवार

संपला कागद. जे कळले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन बदलणार नाही.

विकायला बंदी नाही. प्रत करून देण्याचे पैसे घ्यावेत, मदतीचेही घ्यावेत, किती घ्यावेत त्यालाही मर्यादा नाही. हे वाचले आणि मी शब्दकोशावर डोके टेकून रडले. आम्ही चोर नाही. ह्यांना हाक मारून सांगितले तर म्हणाले, "मी सांगत होतो ना." एकदाही सांगितले नव्हते.

पण पुढे आहे. हा कागद ज्याला वस्तू द्याल त्याला दिलाच पाहिजे. आणि घेणाऱ्याला ती दुसऱ्याला देण्याचा तोच हक्क आहे जो आपल्याला आहे. त्यावर आपल्या पदरची कुठलीही अट घालायची नाही.

'एका संगणकासाठी एक पाकीट' ही माझ्या पदरची अट.

म्हणजे शिंपीदादा चोरी करत नव्हते. ज्यांनी ही वस्तू केली त्यांची इच्छाच अशी की मेहुण्याला द्यावी. मी मात्र चोरी थांबवतेय असे समजून देणाऱ्यांचेच दार लावून घेतले, आणि वर त्या भल्या माणसाला मान खाली घालायला लावली. ह्यांनी शेवटचे पान वाचले आणि म्हणाले, "वस्तूची काही हमी नाही, असंही लिहिलंय बघ. कमाल आहे! फुकट, आणि वर हमी नाही!" मला हसू आले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

११ जुलै, शुक्रवार

ह्यांचे म्हणणे, शाळेचे मिटवू आणि गप्प बसू. बाकीच्यांनी विचारलेले नाही.

"विचारलं नाही, कारण विचारायचा कागदच मी काढून घेतला."

"अगं, सगळ्यांना कळवलंस की एकात दहा होतात, तर उद्या पाकीट कोण घेणार? धंदा बसेल."

"बसला तर बसला."

"तुझं काय जातं म्हणायला!" हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग हळू आवाजात, "बसला तर मी परत त्या खुर्चीत बसून राहायचं ना?"

बावीस वर्षे शंभर-शंभर पोरांना ओरडून शिकवणारा माणूस. उठून चहा ठेवला. देवाला म्हटले, तूच सांग, मी ह्यांच्या बाजूने उभी राहू की त्या कागदाच्या? देव अशा वेळी बोलत नाही, पण चहा उकळेपर्यंत माझे मला कळले.

"पत्रं मी हातानं लिहीन," कप देऊन म्हटले. "एक्केचाळीस. ज्यांनी जास्त पाकिटं घेतली त्यांचे वरचे पैसे परत."

"हातानं?" हे असे दचकले, जणू मी त्यांच्या गुरूचा अपमान केला. "टाइपिंगवाल्याच्या घरातून हातानं लिहिलेली पत्रं जाणार? लोक काय म्हणतील!"

"मग एक्केचाळीस वेळा टाइप करा."

"करीन!"

"एकदाच करा. पत्र एक, नावांची यादी वेगळी. प्रोग्रॅम आपोआप प्रत्येक पत्रात नाव घालतो. वहीत प्रश्न चौसष्ट."

ह्यांनी खुर्ची ओढून संगणकापाशी आणली. "दाखव," म्हणाले.

१४ जुलै, सोमवार

एक्केचाळीस पत्रे, प्रत्येकात सहा पानी कागद आणि मी आपल्या भाषेत केलेला त्याचा अर्थ, एक पान. सतरा जादा पाकिटांचे २५५०. कुठून आणले ते लिहीत नाही, कपाटाला माहीत आहे. शाळेचे पत्र टपालात टाकले नाही, स्वतः घेऊन गेले.

शाळेच्या कचेरीत भिंतीला तीन कपाटे, तिन्हींवर हेडक्लार्कांच्या अक्षरात क्रमांक. मी पत्र दिले आणि उभीच राहिले. त्यांनी सहाच्या सहा पाने वाचली. मधेच चष्मा पुसला.

"बाई, विकायचा अधिकार तुम्हाला होता."

"होता."

"आणि अकरा पाकिटं?"

"ती माझी चूक. मला वाटलं, प्रती करू देणं म्हणजे पाप. वाचायच्या आधीच वाटलं." दहा पाकिटांचे पैसे टेबलावर ठेवले. "कागद वाचवायला गेले आणि सगळं इथवर आलं."

त्यांनी पैसे दोनदा मोजले, पावती लिहिली, टाचणी लावली.

"चाळीस वर्षं नोकरी झाली," म्हणाले. "आतापर्यंत बिल देणारा कुणी चूक माझी म्हणत आला नाही. बसा. चहा घ्या. त्या दिवशी मी तुमचा घेतला नव्हता."

चहा फारच गोड होता. सगळा प्यायले.

१९ जुलै, शनिवार

बैठक आज. दिवसभर फोन वाजला की मीच धावले. चारला हेडक्लार्कांचा आला.

"समितीपुढे कागद ठेवला, तुमची पावती ठेवली. सही माझी कायम राहिली." आवाज नेहमीसारखाच, पण शेवटी एक मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. "आणखी एक. सभासद म्हणाले, सीडी एक पुरे, पण वर्षभराची मदत अकराही मशिनसाठी लेखी करार करून घ्या. दर किती लावाल?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून ह्यांना विचारले.

"मला काय विचारतेस? फोन तू घेतेस," हे म्हणाले. आणि मग, मला मुळीच अपेक्षा नसताना, "आठवड्यातून एक दिवस मी शाळेत जाऊन शिकवलं तर? विचार त्यांना."

विचारले. हो म्हणाले. सोमवारी जाणार. आताच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे, परवासाठी.

२८ जुलै, सोमवार

उत्तरे येत आहेत. चौतीस आली. मी जीव मुठीत धरून फोडते आणि दर वेळी हलकी होते.

पाकीट परत करून पैसे मागणारे दोघे. त्यांना दिले. बाकीच्यांनी एकच विचारले आहे, ताई फोनवर राहणार ना? पाच जणांनी पुढच्या वर्षीही मदत हवी असे आधीच कळवले. लोकांना सीडीचे काही पडलेलेच नाही, हे मला मोठे नवल वाटते. भाऊजींना सांगितले तर म्हणाले, "वहिनी, हे मी जूनमध्ये सांगितलं होतं." असेल.

वकिलांच्या टायपिस्टचे पत्र: 'ताई, तुमचे पत्र वाचून झोप लागली. मी ती सीडी आधीच चार मैत्रिणींना दिली होती. तुम्ही रागवाल म्हणून त्यांचे प्रश्न मीच माझे म्हणून विचारत होते.' तरीच! मला वाटायचे एकाच मुलीला एवढ्या अडचणी कशा.

शिंपीदादा पत्र न पाठवता आले. पैसे घेईनात.

"ताई, पैशाचं सोडा. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हटलं, मी चोर निघालो. ती अजून टोमणे मारते. आता हा तुमचा कागद तिला दाखवतो."

"दादा, माझं चुकलं."

"चुकलं ते बरंच झालं. मेहुण्याला वाटतंय मी विकत घेऊन दिलं. फुकटही देता आलं असतं, तेवढं त्याला सांगू नका."

पैसे मात्र मी हातात कोंबलेच.

६ ऑगस्ट, बुधवार

वहीत एकशे बारा प्रश्न झाले. ह्यांनी सगळी टाइप केली, शाळेत मुली मागतात म्हणून. भाऊजी काल आले ते वही बघून खूश. "छापू या, वहिनी! वर लिहू, सर्व हक्क राखून ठेवले आहेत, कुणी प्रत काढली तर कोर्टात खेचू."

हे म्हणाले, "तिला विचार."

मला रात्रभर विचार करायची गरज पडली नाही. ज्यांच्यामुळे चूल पेटली ते हक्क राखून बसले नाहीत, आणि मी काय राखू? वहीही त्याच परवान्यावर द्यायची. कुणीही प्रत काढावी, वाटावी, विकावी, फक्त कागद वगळू नये. मी तो पहिल्याच पानावर लावला आहे. भाऊजींनी कपाळाला हात लावला, पण पाठवायचा पत्ता त्यांनीच शोधून दिला. आपल्या भाषेत हा प्रोग्रॅम करणाऱ्या मंडळींचा गट आहे म्हणे, त्यांना पाठवायचे. ह्यांनी टाइप करू का विचारले. म्हटले, हे हाताने. मसुदा असा:

'सप्रेम नमस्कार. सोबत माझी वही पाठवत आहे. मी मॅट्रिक आहे, त्यामुळे शुद्धलेखन तपासून घ्यावे. प्रत्येक उत्तर मात्र मी करून पाहिलेले आहे; प्रश्न एकोणऐंशी अजून सुटलेला नाही, तो तुम्ही सोडवावा. वही तुमच्याच अटींवर देत आहे. आमचे घर तुमच्या वस्तूवर चालते, हे तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. लेकीच्या फीचा दुसरा हप्ता परवा भरला. देव तुमचे भले करो.

एक शंका. तुमचा कागद मी शब्दकोश घेऊन दोनदा वाचला आहे. त्यात सगळे आहे, पण एक सापडले नाही. उद्या माझी ही वही कुणी छापून विकली आणि माझ्यापेक्षा जास्त मिळवले, तर मला मनातून थोडे वाईट वाटेल, हे मला आताच दिसते आहे. तुम्ही एवढे मोठे काम देऊन टाकले, तेव्हा तुम्ही या वाईट वाटण्याचे काय केलेत? कलम असेल तर कलमाचा क्रमांक, नसेल तर तसे, उलट टपाली कळवावे.'